पंचवीस अक्षरांचा परवाना

वरठीच्या आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. घराची कागदपत्रं, जन्माचे दाखले, बाबांच्या पगारपत्रकांची चळत असा सगळा ऐवज तिच्यात असतो. २०२५च्या दिवाळीआधी साफसफाई करताना ती पुरती रिकामी केली, तेव्हा तळाशी तीन वस्तू एकावर एक सापडल्या. सगळ्यांत खाली रेडिओच्या परवान्याची पुस्तिका होती. वर्षागणिक चिकटवलेली तिकिटं आणि त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के. तिच्यावर कव्हर नसलेली एक सीडी, पाठीवर जाड मार्करनं लिहिलेली पंचवीस अक्षरं. आणि सगळ्यांत वर ॲन्टिव्हायरसच्या खोक्यातलं कार्ड, कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात मुदत संपायची तारीख.

तिन्ही एकाच घराण्यातल्या. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू वापरायलाही कुणाची तरी परवानगी लागते, आणि ती कधी शिक्क्यात, कधी अक्षरांत, कधी तारखेत नोंदलेली असते. त्या परवानगीचं कूळ शोधायला गेलो, तर सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी, पोस्टाच्या खिडकीपाशी होते.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानं परवान्याशिवाय रेडिओ बाळगायला मनाई केली. रेडिओ तुमचा, वीज तुमची, छपरावर ताणलेली एरियलची तारही तुमची. पण ऐकायची परवानगी सरकारची, आणि तीही एका वर्षाची. दर वर्षी पुस्तिका घेऊन पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही पद्धत संपली. आमच्या पुस्तिकेतली शेवटची काही पानं कोरीच आहेत. एकही वर्ष चुकवलं नाही, हे बाबा आजही अभिमानानं सांगतात.

सॉफ्टवेअरचा परवाना थोडा वेगळ्या जातीचा. त्याला खरं तर मक्ता म्हणायला हवं. शेत मक्त्यानं घेणारा वर्षभर कसतो, पीक काढतो. पण ते शेत त्याला विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, धुरा सरकवता येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज आपण ‘विकत घेतलं’ म्हणतो, ते असंच मक्त्यानं घेतलेलं असतं. हा मक्ता लिहायची वेळ आली, कारण एक काळ असा होता की प्रोग्रॅम यंत्राबरोबर फुकटच यायचा. १९६९ साली आयबीएमनं यंत्राची आणि प्रोग्रॅमची किंमत वेगळी करायचं जाहीर केलं आणि प्रोग्रॅम स्वतंत्र माल झाला. मग १९७५ मध्ये ‘अल्टेअर’ हा हौशी लोकांचा छोटा कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिलेली बेसिक भाषा कागदी पट्टीवर भोकं पाडून मिळायची. हौशी मंडळींनी त्या पट्टीच्या नकला काढून एकमेकांना वाटल्या. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात गेट्सनं तक्रार केली की अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्के लोकांनीही बेसिक विकत घेतलेलं नाही. पुढची सगळी कुलपं त्या तक्रारीच्या पोटी जन्मली आहेत.

आपल्याकडच्या कायद्यानं या मालाला जागा दिली ती साहित्याच्या शेजारी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आला, म्हणजे कादंबरी आणि विंडोज कायद्यानं एका फळीवर. पुढच्या एका दुरुस्तीनं, १० मे १९९५ पासून, नुसतं जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणं हाही गुन्हा झाला. किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्याच कायद्यानं, रीतसर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती बिघडेल-हरवेल म्हणून जपायला नक्कल करून ठेवायचा हक्कही दिलेला आहे. हा हक्क आपल्याला आहे हे मला दुकानात किंवा क्लासमध्ये कधी कुणी सांगितलं नाही. त्याची खंत वाटते, कारण दंडाची भीती सगळ्यांना माहीत होती आणि हक्क मात्र ठाऊक नव्हता.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला २००३ मध्ये. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटीचा कोर्स आला, आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव दिसू लागलं. गावोगावी केंद्रं निघाली. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता ती पोरं केंद्रात तासाच्या हिशेबानं माऊस धरत, मी त्यांतलाच. मग बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. नागपूरला जाऊन सुटे भाग जोडलेला कॉम्प्युटर घेतला आणि पॅसेंजरनं आलो. पंधरा इंची मॉनिटर बाबांच्या मांडीवर, सीपीयूचा डबा माझ्या पायांत. स्टेशनच्या पाटीवर नाव भंडारा रोड, पण उतरायचं वरठीला, आमच्या गावात.

दुकानात बाबांनी विचारलं होतं, “विंडोजचं बिल वेगळं लागते का?” जोडणी करणारा पोरगा म्हणाला, “काका, ओरिजनल कायले घेता? टाकून देतो नं मी.” आणि त्यानं ती सीडी डब्यासोबत दिली. तो पोरगा लबाड नव्हता. त्याच्या लेखी विंडोज हा जोडणीचाच भाग होता, स्क्रू आणि केबलसारखा. ‘फॉरमॅट मारणं’ आणि ‘विंडोज टाकणं’ ही दोन कामं त्या काळी आमच्याकडे सायकलचं पंक्चर काढण्याइतकी रोजची होती. पण बिलावर त्या ओळीसमोर काहीच लिहिलेलं नाही, हे बाबांच्या ध्यानात आलं होतं.

आता ती पंचवीस अक्षरं जवळून पाहू. त्यांच्या आधीची पिढी साधी होती. विंडोज ९५च्या सीडीसोबत तीन आणि सात अशा दहा आकड्यांची किल्ली यायची, आणि कॉम्प्युटर मुख्यत्वे एवढंच तपासायचा की त्या सात आकड्यांची बेरीज सातानं भागली जाते का. तिसरीतल्या पोरालाही जमेल असा हिशेब, आणि तो लौकरच सगळ्यांना कळला. नंतरच्या पंचवीस अक्षरी किल्लीत पाच-पाचचे पाच गट असतात आणि त्यांत फक्त चोवीस चिन्हं येतात. सतरा इंग्रजी व्यंजनं आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे आकडे. एकही स्वर नाही, त्यामुळे चुकून एखादा बरावाईट शब्द तयार होत नाही. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’, यांचा घोळ होतो म्हणून ते सगळे गाळलेले. कागदावरून बघून हातानं टाइप करणाऱ्या माणसाचा इतका बारीक विचार त्या चिन्हांत आहे. आमच्या सीडीवर मात्र मार्करनं लिहिणाऱ्यानं ‘८’ आणि ‘बी’ सारखेच काढले होते, आणि दर वेळी दोन्ही टाकून पाहावे लागत.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीनं घरच्या कॉम्प्युटरला ‘ॲक्टिव्हेशन’ लावलं. किल्ली बरोबर असणं आता पुरेसं नव्हतं. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींची एक संक्षिप्त खूण यंत्र स्वतःच काढायचं, ती किल्लीशी जोडायचं आणि तीस दिवसांच्या आत कंपनीकडे नोंदवायला सांगायचं. मक्ता आता माणसाच्या नावावर राहिला नाही, तो त्या विशिष्ट डब्याच्या नावावर झाला. पण मोठ्या कंपन्यांसाठी जी आवृत्ती होती तिला ही नोंदणी लागत नव्हती, आणि तिची एक किल्ली एक्सपी विक्रीला येण्याआधीच फुटली. आमच्या सीडीवरची अक्षरं अशाच एका फुटलेल्या किल्लीची. त्यामुळे सगळं जग ॲक्टिव्हेशनबद्दल बोलत असताना आमच्या भागात कित्येकांनी ती खिडकी पाहिलीच नाही.

त्याची किंमत वेगळ्या वाटेनं भरावी लागली. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा पसरला. इंटरनेट जोडलं की काही वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट १६ जुलैलाच निघालं होतं, किडा आला ११ ऑगस्टला. मधले सव्वीस दिवस ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले. आमच्याकडे ते घेणार कोण? दुकानातून कॉम्प्युटर द्यायच्या आधीच ऑटोमॅटिक अपडेट बंद केलेलं असायचं. “चालू केलं तर पकडल्या जाईल,” असं सांगितलं जाई. खरं तर मायक्रोसॉफ्टनं पुढं अस्सल-नकलीची तपासणी सुरू केली तेव्हाही सुरक्षेची महत्त्वाची अपडेट्स नकली प्रतींना ऑटोमॅटिक अपडेटच्या वाटेनं मिळतच होती. भीतीनं लोकांनी दार लावून घेतलं, आणि चोर मात्र मागच्या खिडकीतून येत राहिला. शिवाय डायल-अपवर अपडेट उतरवणं हे कामच अवघड. २००४ चा एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक दोनशे सहासष्ट एमबीचा होता. छप्पन्न केबीच्या मोडेमनं पूर्ण वेग दिला असता, जो कधीच देत नसे, तरी साडेदहा तास लागले असते. टेलिफोनचं मीटर तोवर फिरतच राहणार. मी तो नागपूरहून एका इंग्रजी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून टाकला. छोट्या गावांना अपडेट्स मिळाली ती अशी, एसटीनं आणि रेल्वेनं, मासिकाच्या प्लास्टिकच्या वेष्टणात.

आणि इथेच या घराण्यात एक मराठी शाखा येते. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसनं बेजार झालेले असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकलेले. त्यांनी व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. कंपनीचं नाव आधी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे शेअर बाजारात आले. हे उत्पादन दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलं आणि विकलंही गेलं ते दुरुस्ती करणाऱ्यांच्याच हातून. जो पोरगा विंडोज फुकट टाकून द्यायचा, तोच म्हणायचा, “काका, हे मात्र ओरिजनलच घ्या.”

आमच्या घरी पैसे देऊन आलेलं पहिलं सॉफ्टवेअर हे होतं, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची हीच गोष्ट आहे. या एका मुद्द्यावर मी ठाम आहे. आपल्याकडच्या घरांना सॉफ्टवेअरसाठी पैसे द्यायला कुलपानं शिकवलं नाही, अपडेटनं शिकवलं. विंडोजला कुलूप लावलं, ते फोडलं गेलं. ॲन्टिव्हायरसचीही क्रॅक मिळायची, पण कालचा ॲन्टिव्हायरस आजच्या व्हायरसपुढे निकामी. रोज काहीतरी ताजं यायला हवं. दुधाचा रतीब लावतात तसे लोक त्याचे पैसे द्यायला तयार झाले, आणि वर्ष संपलं की पुन्हा द्यायला. नकली विंडोजच्या भीतीनं बंद केलेल्या अपडेट्समुळे जे भोक उघडं राहिलं, ते बुजवायला दुसऱ्या अपडेटचा रतीब लागला. एकाच्या चोरीवर दुसऱ्याची प्रामाणिक बाजारपेठ उभी राहिली.

त्या खोक्यातली मुदत मोजायची ती विकत घेतल्याच्या दिवसापासून नाही, नोंदणी केल्याच्या दिवसापासून. बाबांना हे फार आवडलं. खोकं आणून त्यांनी चार दिवस तसंच ठेवलं, जुन्याची मुदत पुरी होऊ दिली आणि मग कार्डावरचं आवरण खरवडलं. घरी इंटरनेट चालेना तेव्हा नोंदणीसुद्धा पेनड्राइव्हनं झाली. आपल्या यंत्रावर दिसणारा क्रमांक कागदावर उतरवायचा, भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत जाऊन तो भरायचा, तिथं मिळालेली छोटी फाइल घरी आणून चढवायची. अपडेट्सचंही तसंच. रविवारच्या बाजाराच्या पिशवीत भाजीसोबत त्या आठवड्याचं अपडेट यायचं.

कुलपाची आणखी एक जात मी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये पाहिली. मराठी अक्षरजुळणीसाठी श्रीलिपीसारख्या पॅकेजसोबत एक छोटा डोंगल यायचा. सगळे त्याला ‘लॉक’ म्हणत. तो प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचलेला नसेल तर एक अक्षर उमटायचं नाही. मालक रात्री जाताना तो काढून गल्ल्यात ठेवायचे, दुकानाच्या किल्लीसोबत. मराठी लिहायची परवानगीच जणू त्या बोटभर तुकड्यात होती. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये युनिकोडचं देवनागरी आलं, तसं साधं मराठी लिहायला तो तुकडा लागेनासा झाला. माझ्या लेखी आजवरच्या सगळ्या अपडेट्समध्ये हे सर्वांत मोठं.

२००६ मध्ये पोस्टमननं आमच्या घरी परदेशातून आलेलं एक पाकीट दिलं. आत उबुंटू लिनक्सच्या सीड्या होत्या. कॅनॉनिकल ही कंपनी मागेल त्याला त्या जगभर फुकट पाठवायची. २०११ पर्यंत हे चालू होतं. या सीडीला किल्ली नव्हती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या जीपीएल परवान्याखालचा पुष्कळसा माल तिच्यात होता, आणि तो परवाना वापरणाऱ्याला सांगतो की नकला काढ, वाट, उघडून बघ, बदल. फक्त पुढच्याला देताना हेच हक्क त्यालाही दे. मी तो मजकूर बाबांना मराठीत सांगितला. ज्या पोस्टात त्यांनी वर्षानुवर्षं ऐकायच्या परवानगीचे पैसे भरले, त्याच पोस्टातून न विचारता वाटायची परवानगी घरी आली होती. बाबांनी एकच विचारलं, “मग हे बनवणाऱ्याचं पोट कशावर चालते?” तो प्रश्न आजही जगभर पुरता सुटलेला नाही. आमचा मोडेम त्या उबुंटूत चालेना, आणि मी परत एक्सपीवर आलो. पण शेजारच्या दोघा पोरांना त्या सीडीच्या नकला काढून दिल्या, आणि आयुष्यात प्रथमच नक्कल करताना मनात काही टोचलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं बाबांनीच विषय काढला. “रेडिओचे भरत होतो, याचेही भरू.” मग रीतसर बिल करून एक्सपी घेतलं. चकचकीत स्टिकर सीपीयूच्या डब्याला लावला. नोंदणी फोनवरून केली. पडद्यावर पन्नास आकडे आले, सहा-सहाचे आठ गट आणि शेवटी दोन आकडे. बाबा चष्मा लावून वाचत होते, मी फोनची बटणं दाबत होतो. प्रत्येक गटातला शेवटचा आकडा हा राखणदार असतो. आधीच्या आकड्यांची बेरीज करायची, दुसरा आणि चौथा आकडा त्यात पुन्हा मिळवायचा, सातानं भागायचं आणि उरेल ती बाकी शेवटी लिहायची. समजा ४, १, ३, ०, ५ आहेत. बेरीज तेरा, त्यात एक आणि शून्य मिळवले की चौदा, सातानं भागून बाकी शून्य. म्हणून गट ४१३०५०. विंडोज ९५मधला तोच सात इथं पहारेकरी होऊन आला होता. बाबांनी एका ठिकाणी तीनाच्या जागी आठ वाचला आणि तो गट पुन्हा द्यावा लागला. मग पलीकडून बेचाळीस आकडे आले. ते मी टाइप केले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली किल्ल्यांच्या जुडग्याची खूण गेली.

पुढच्याच जूनमध्ये वीज पडली. टेलिफोनच्या तारेतून येऊन तिनं मोडेम आणि मदरबोर्ड दोन्ही जाळले. भंडारा जिल्ह्यात पावसाळ्याच्या तोंडावर असे कितीतरी कॉम्प्युटर जायचे. नवा बोर्ड बसवल्यावर विंडोजनं यंत्र ओळखलं नाही आणि पुन्हा नोंदणी मागितली. या वेळी यंत्राच्या आवाजानंतर फोनवर माणूस आला. त्यानं विचारलं, ही प्रत किती कॉम्प्युटरवर टाकली आहे? बाबा म्हणाले, “एकच आहे साहेब, त्याचं काळीज बदललं.” त्या माणसानं आकडे दिले. सगळ्या हिशेबाच्या शेवटी एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, हे मला त्या वेळी फार मोलाचं वाटलं.

त्याच वर्षी नकली एक्सपीवाल्यांच्या पडद्यामागचं चित्र दर तासाला काळं होऊ लागलं, आणि दुकानदारांना तो काळेपणा काढायचं नवं काम मिळालं. मग लॅपटॉप आले, विंडोज आतच घालून. स्टिकर लॅपटॉपच्या पोटाला असायचा आणि दोन वर्षांत अक्षरं घासून जायची. २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या यंत्रांची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून येऊ लागली. मग ती वाचायची, लिहून ठेवायची गरजच उरली नाही. पेटीत ठेवण्यासारखं काही उरलं नाही ते तेव्हापासून. आता मक्त्याची नोंद यंत्राच्या पोटात आणि कंपनीच्या वहीत, आपल्या हातात नाही. आमचा एक्सपीवाला डबा अजून माळ्यावर आहे. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची अपडेट्स थांबली. तीन वर्षांनी ‘वॉनाक्राय’ नावाच्या किड्यानं धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्या बंद झालेल्या एक्सपीसाठीही एक अपडेट काढलं. मी डबा खाली उतरवून ते टाकलं. का, ते सांगता येत नाही. आजारी जनावराला औषध पाजतात, तसं ते होतं.

आणि आता, पेटी उपसलेल्या त्या दिवाळीच्या आठवड्यात, पुतणीच्या लॅपटॉपवर सूचना आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०ची मुदत संपली. तिचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि ती या यंत्रात नाही. म्हणजे या वेळी मक्ता नवा करायला शेतच नवं घ्यावं लागेल. यंत्र धड आहे, कीबोर्डची अक्षरंही गेलेली नाहीत, ती त्यावर नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करते. घरगुती वापरासाठी सुरक्षेची अपडेट्स आणखी वर्षभर मिळण्याची सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग जपायला ठेवली की फुकट, नाहीतर तीस डॉलर. मी नोंदणी करून दिली. ना आकडे वाचावे लागले, ना अक्षरं. दोन ठिकाणी क्लिक केलं आणि झालं.

बाबा पलंगावर बसून पेटीतल्या वस्तू पुसत होते. “किती दिवसांचं भेटलं?”

“१३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.”

त्यांनी रेडिओच्या पुस्तिकेतलं एक कोरं पान उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि पेननं ती तारीख लिहिली.